रिफ्टमधला खडक जास्त तापलेला निघाला: ताणामुळे की पाण्यामुळे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका जुन्या खचदरीच्या, म्हणजे कवच ताणून खचलेल्या रिफ्टच्या, खोऱ्यातल्या विहिरीचे नमुने तुमच्याकडे आहेत. दोन किलोमीटर खोलीवरच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या खडकात, व्हिट्रिनाइटची परावर्तकता १.३ टक्के आली. व्हिट्रिनाइट म्हणजे वनस्पतींपासून झालेले कोळशासारखे कण; ते जितके तापतात तितका जास्त प्रकाश परावर्तित करतात. ताणाचा गुणांक, म्हणजे कवच किती पटीने ताणलं गेलं ते सांगणारा बीटा, १.५ धरून मॉडेल चालवलं तर त्या खोलीला तापमान शंभर-एकशेपाच अंश सेल्सिअसच्या वर चढत नाही. मार्गदर्शक म्हणतात, बीटा वाढवून बघा. लॅबमधला मित्र म्हणतो, इथून गरम पाणी फिरून गेलेलं आहे. कोणाचं ऐकायचं?

या एका आकड्यावर दोघांचंही म्हणणं बसवता येतं, आणि खरी अडचण तीच आहे. खडक तापला होता, एवढंच व्हिट्रिनाइट सांगतो. ती उष्णता खालून खडकाखडकातून वहनाने आली, की भेगांच्या वाटेने पाण्याच्या पाठीवर बसून आली, हे त्याला सांगता येत नाही. मी पंचवीसेक वर्षं शिरांमधले, म्हणजे खनिजांनी भरलेल्या भेगांमधले, द्रव-समावेश मोजत आलो आहे. द्रव-समावेश म्हणजे स्फटिक वाढताना त्याच्या पोटात अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यामुळे माझा कल मित्राकडे असणार, हे आधीच कबूल करतो. तरी सुरुवात मार्गदर्शकांच्या बाजूने करू, कारण ती बाजू तपासायला सोपी आहे.

बीटा वाढवणं फुकट नसतं. भूभौतिकशास्त्रज्ञ मॅकेन्झी यांच्या १९७८ च्या मॉडेलमध्ये शिलावरण, म्हणजे पृथ्वीचं कवच आणि त्याखालचा कडक थर, एकदम बीटा पटीने ताणलं गेलं, तर खोलीनुसार तापमान वाढण्याचा दरही सुरुवातीला जास्तीत जास्त तितक्याच पटीने वाढतो. किलोमीटरला ३० अंश असेल तर १.५ च्या बीटाने ४५ होतो. १.३ टक्के परावर्तकता संथपणे गाडल्या गेलेल्या खडकात साधारण १५५ अंशांना मिळते. पृष्ठभागाचे १५ अंश वजा केले तर दोन किलोमीटरमध्ये १४० अंश वाढायला हवेत, म्हणजे किलोमीटरला ७०. त्यासाठी बीटा निदान २.३ लागेल. खरं तर त्याहून जास्तच, कारण कवच पातळ होतं तेव्हा त्यातली किरणोत्सारी उष्णताही कमी होते आणि साध्या मॉडेलमध्ये ती धरलेली नसते. आता मूळ ३५ किलोमीटरचं कवच २.३ ने भागा: जेमतेम १५ किलोमीटर उरतं. मग तिथला मोहो, म्हणजे कवचाचा तळ, खरोखर इतका वर आहे का? भूकंपीय छेद आणि गुरुत्वाकर्षणाची मापं काय म्हणतात? इतक्या ताणाला शोभेल एवढा गाळ त्या खोऱ्यात साचलाय का? मोहो २३-२४ किलोमीटरवर असेल, तर बीटा १.५ च्या आसपासच आहे आणि तो विषय तिथेच मिटला.

उमेदीच्या काळात मी ही चूक स्वतः केलेली आहे. एका विहिरीचे आकडे जुळावेत म्हणून बीटा तीनच्या जवळ नेला आणि आलेख सुरेख जुळला. तो बघून एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "आलेख छान आहे, पण एवढ्या ताणाचा खड्डा कुठे आहे?"

पाण्यावर ठपका ठेवण्याआधी आणखी तीन संशयित निकालात काढायला लागतील. पहिला, झीज. खडक पूर्वी जास्त खोल असेल आणि वरचा थर नंतर वाहून गेला असेल, तर आजची खोली फसवी असते. तुमच्या खोऱ्यात नंतर उचल झाली नाही असं तुम्ही लिहिलंय. ते कशावरून, हे एकदा तपासा. दुसरा, पांघरूण. शेल आणि कोळसा उष्णता फार वाईट वाहतात. त्यांचा जाड थर असेल तर खालून तेवढीच उष्णता येऊनही थरातला तापमानाचा उतार तीव्र होतो. तिसरा, जवळपास घुसलेली डाइक किंवा सिल, म्हणजे ज्वालारसाची उभी किंवा आडवी पट्टी. तिचा परिणाम तिच्या जाडीच्या एक-दोन पट अंतरापर्यंत ठळक असतो आणि पुढे झपाट्याने ओसरतो, त्यामुळे ती सहसा लपून राहत नाही.

आता पाणी. खडकातून किती पाणी वाहिलं म्हणजे तापमान बदलतं, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. मलाही गणित करून पाहीपर्यंत नव्हता. तीन किलोमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरमधून वर्षाला फक्त दहा लिटर पाणी वर सरकत असेल, तरी पाण्याने वाहिलेली उष्णता खडकाच्या वहनाच्या तोडीची होते. वर्षाला शंभर लिटर झालं की वहन मागे पडतं आणि त्या जागेचं तापमान पाणीच ठरवतं. म्हणजे नद्या वाहायला नकोत, पाझर पुरतो. शिवाय पाणी तापलं की स्वतःचंच काम सोपं करून घेतं: २०० अंशांना त्याची चिकटाई खोलीच्या तापमानाच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येते आणि ते सुमारे १३ टक्क्यांनी हलकं होतं. ३०० अंशांना घनता हजारावरून सातशेच्या घरात उतरते.

पण एवढा पाझर होण्यासाठी खडकात वाट हवी. पार्यता, म्हणजे खडकाची पाणी जाऊ देण्याची क्षमता, साधारण दहाचा उणे सोळावा घात चौरस मीटर एवढी असेल, तर पाण्याचं अभिसरण वहनाला टक्कर देऊ शकतं. अखंड ग्रॅनाइटचा तुकडा प्रयोगशाळेत मोजला तर त्याहून शेकडो-हजारो पटींनी कमी मिळतो. मित्राला हा प्रश्न जरूर विचारा: तुमच्या शेलमधून पाणी गेलं कसं? उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, खडकातून नाही, भेगेतून. भेगेचा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. रुंदी दुप्पट, तर पाणी आठपट. म्हणून रिफ्टमधल्या गरम पाण्याचा इतिहास हा बहुतांशी फॉल्टचा, म्हणजे खडक सरकलेल्या मोठ्या भेगांचा, इतिहास असतो.

आणि इथेच मॉडेल आणि निसर्ग यांची फारकत होते. मॉडेलमध्ये आपण पार्यता हा खडकाचा गुणधर्म म्हणून एक आकडा भरतो. मला इतक्या वर्षांत ती गुणधर्मासारखी क्वचितच वागताना दिसली. सक्रिय फॉल्टमध्ये ती एखाद्या घटनेसारखी असते: भूकंपात उघडते, मग हळूहळू बुजते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या आयडाहोतल्या बोरा पीकजवळ ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, ताणाच्या प्रदेशातला, नॉर्मल फॉल्टवरचा, म्हणजे ताणामुळे एक बाजू खाली घसरते अशा भेगेवरचा. त्यानंतर काही महिने त्या भागातले झरे आणि ओढे फुगले, आणि जादा बाहेर पडलेलं पाणी सुमारे ०.३ घन किलोमीटर भरलं. तीव्र उताराचा फॉल्ट सरकला की आजूबाजूचा खडक आखडतो आणि भेगांमधलं पाणी दाबून बाहेर काढतो, हे त्याचं एक स्पष्टीकरण; हादऱ्यांनी वाटा मोकळ्या झाल्या, हे दुसरं. दोन्हींमध्ये मुद्दा तोच की वाट कायमची उघडी नव्हती.

बुजण्याचं काम पाणी स्वतःच करतं. ३०० अंशांचं पाणी वर येताना २०० पर्यंत थंड झालं, तर त्यातली निम्म्याहून जास्त विरघळलेली सिलिका त्याला सांभाळता येत नाही, ती क्वार्ट्झ होऊन भेगेच्या भिंतींवर बसते. खाली उतरणाऱ्या पाण्याची गोष्ट उलटी: कॅल्साइट आणि ॲनहायड्राइट ही खनिजं तापल्यावर कमी विरघळतात, त्यामुळे ते जाताना तापत तापत वाट बुजवतात. एकाच चक्राच्या दोन टोकांना दोन वेगळी बुचं. बोटभर जाडीच्या एका शिरेचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी एकदा क्वार्ट्झचे चाळीसवर पट्टे मोजले होते. प्रत्येक पट्टा म्हणजे एकदा तडकणं आणि एकदा सांधणं. ती शीर म्हणजे चाळीस वेळा उघडलेलं आणि चाळीस वेळा लावलेलं दार होतं. मॉडेलमध्ये तिची सरासरी पार्यता काय भरायची, सांगा.

याचा तुमच्या नमुन्याशी थेट संबंध आहे. गरम पाण्याचा झोत अल्पकाळ आला असेल तर व्हिट्रिनाइटला त्याच आकड्यापर्यंत पोचायला जास्त तापमान लागतं. संथ गाडलं जाताना १.३ टक्क्यांना १५५ अंश पुरतात. अल्पकाळच्या जलतापीय, म्हणजे गरम पाण्याच्या, झोताला त्यासाठी १८५ च्या आसपास जावं लागतं. म्हणजे मित्र बरोबर असेल तर त्याला तुमच्या मार्गदर्शकांपेक्षा मोठी विसंगती समजावून सांगायची आहे. त्याने हा हिशेब केला नसेल, अशी मला दाट शंका आहे.

पाण्याला ढकलतं कोण? रिफ्टमध्ये दोन गोष्टी असतात. खचदरीचे उंच खांदे आणि खोलगट तळ यांच्यातली उंची पावसाचं पाणी खाली आणि आत रेटते. दुसरं बळ उत्प्लावनाचं: तापलेलं हलकं पाणी चढतं, थंड जड पाणी त्याची जागा घेतं. कोणाचा वाटा मोठा हे उंची, पाऊसमान आणि फॉल्टच्या जाळ्यावर अवलंबून आहे, आणि तुमचं खोरं लक्षावधी वर्षांपूर्वीचं असल्याने त्या काळचा पाऊस तुम्हाला मोजता येणार नाही. त्यात फार अडकू नका.

ज्वालारस लागतोच असंही नाही. अमेरिकेच्या नेवाडातली डिक्सी व्हॅली हे माझं आवडतं उदाहरण आहे: तिथे उथळ ज्वालारसाचा पुरावा नाही, तरी तीनेक किलोमीटरच्या विहिरींत अडीचशे अंशांच्या आसपास तापमान मिळतं. पाणी फॉल्टच्या वाटेने खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. उलट केनियातल्या ओल्कारियाला, जिथे १९८१ पासून भूऔष्णिक वीज निघते, खाली ज्वालारस आहे आणि विहिरी तीनशे अंशांच्या पुढे जातात. दोन्ही रिफ्टच, पण चूल वेगळी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लिहायला बसलो तो. पाणी उष्णता निर्माण करत नाही. ते एका जागेवरून उचलतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं. तुमच्या विहिरीत ८० अंश जास्त आले असतील, तर खोऱ्यात कुठेतरी ते कमी पडलेले असणार. जिथून थंड पाणी खाली उतरत होतं तिथला खडक त्याच खोलीला अपेक्षेपेक्षा थंड राहिला असणार. म्हणून मार्गदर्शक आणि मित्र खरं तर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. बीटा ठरवतो खोऱ्याच्या एकूण उष्णतेचा जमाखर्च. त्या जमेची वाटणी कोणत्या विहिरीत कशी झाली हे ठरवतात फॉल्ट आणि पाणी. एका विहिरीवरून बीटा काढणं म्हणजे एका खिशावरून घराची मिळकत ठरवणं. शेजारच्या चार-पाच विहिरींचे आकडे जमवा. सगळ्याच तापलेल्या असतील, तर मार्गदर्शकांकडे झुका. एक तापलेली आणि दोन थंड असतील, तर मित्राकडे.

या फरकाचा सगळ्यात बोलका पुरावा ऱ्हाईन खचदरीत, फ्रान्समधल्या सुल्त्स-सू-फोरे इथे आहे. तिथे वरच्या एका किलोमीटरमध्ये तापमान किलोमीटरला ११० अंशांच्या घरात वाढतं. हा दर तसाच खाली ओढत नेला तर दोन किलोमीटरवर दोनशेच्या पुढे जायला हवं. प्रत्यक्षात तिथे १४० मिळाले. एक किलोमीटरपासून सुमारे ३.३ किलोमीटरपर्यंत वाढ किलोमीटरला जेमतेम ५ अंश, आणि त्याखाली पुन्हा नेहमीसारखी ३०. दोनशे अंश गाठायला पाच किलोमीटर खोल जावं लागलं. मधला तो सपाट टप्पा म्हणजे भेगाळ वाळूखडक आणि ग्रॅनाइटमध्ये पाणी घुसळलं जाण्याची खूण. वरचा तीव्र उतार म्हणजे त्यावरच्या कमी पार्य गाळाच्या झाकणातून उष्णता नाइलाजाने वहनाने बाहेर पडत असल्याची. मधल्या टप्प्याला कोणताही बीटा लावून असा आकार येत नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम: एका नमुन्याऐवजी विहिरीचा अख्खा आलेख. दर शंभर मीटरला व्हिट्रिनाइट मोजा. ताणामुळे तापलं असेल तर परावर्तकता खोलीबरोबर सलग चढत जाईल, शेल-वाळूखडकाच्या सीमेवर फक्त थोडी वाकेल. पाण्याने तापलं असेल तर मध्येच सपाट पट्टा मिळेल, किंवा त्याहून उत्तम, वरचा थर खालच्यापेक्षा जास्त पक्व, म्हणजे जास्त तापलेला, निघेल. गरम पाणी फॉल्टमधून चढून एखाद्या वाळूखडकात आडवं पसरलं की खालचा खडक थंडच राहतो. असा उलटा आलेख खालून येणाऱ्या उष्णतेने तयार होऊ शकत नाही. तो मिळाला तर मार्गदर्शकांना दाखवायला दुसरं काही नको.

दुसरं काम माझ्या धंद्याचं. त्याच खोलीच्या वाळूखडकातलं क्वार्ट्झचं सिमेंट, म्हणजे वाळूचे कण सांधणारं खनिज, किंवा एखादी शीर घ्या आणि द्रव-समावेश तापवा. थेंबातला बुडबुडा ज्या तापमानाला नाहीसा होतो, ते अडकण्याच्या वेळचं किमान तापमान. तो आकडा सातत्याने १७०-१८० आला, तर पाणी भोवतालच्या खडकापेक्षा गरम होतं, आणि जलतापीय म्हणायची माझी व्याख्या तीच आहे. इथे दोन धोके. कॅल्साइटमधले समावेश नंतरच्या उष्णतेने ताणले जातात किंवा गळतात आणि खोटे चढे आकडे देतात. शक्य तिथे क्वार्ट्झच निवडा. आणि सुटे थेंब मोजून सरासरी काढू नका. एकाच वाढीच्या पट्ट्यात एकत्र अडकलेले थेंब एक गट म्हणून मोजा. गटातले आकडे दहा-पंधरा अंशांत बसत नसतील, तर तो गट टाकून द्या, मनाला कितीही लागलं तरी. मी आयुष्यात टाकलेल्या मोजमापांची संख्या ठेवलेल्यांपेक्षा मोठी आहे.

त्याच थेंबांना गोठवून पुन्हा वितळवलं की खारेपणा कळतो. पाणी कुठून आलं याचा तो पहिला इशारा. लाल समुद्राच्या तळाशी, दोन किलोमीटरहून खोल असलेल्या अटलांटिस-२ डीपमध्ये, साठ अंशांच्या पुढचं आणि समुद्राच्या सहा-सात पट खारं पाणी साचलंय. वाटेतल्या मिठाच्या थरांतून मीठ आणि खडकांतून जस्त-तांबं घेऊन ते वर येतं. तुमच्या खोऱ्यात मिठाचे थर असतील आणि समावेश फार खारे निघाले, तर पाण्याचा मार्ग निम्मा कळला. गोड निघाले तर बहुधा पावसाचं पाणी. हायड्रोजनचे समस्थानिक मोजून खात्री करता येते, कारण खडकाशी झटताना पाण्यातला ऑक्सिजन बदलतो पण हायड्रोजन बराचसा मूळ पावसाचाच राहतो.

हेलियमबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून: मॅन्टलमधल्या, म्हणजे कवचाखालच्या थरातल्या, वायूत हेलियम-४ च्या तुलनेत हेलियम-३ चं प्रमाण हवेच्या सुमारे आठ पट असतं, कवचातल्या वायूत हवेच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं. त्यामुळे थोडंसं मॅन्टलचं हेलियमही उठून दिसतं. पण ते खोलून काढायला चांगल्या शिरा आणि चांगली लॅब लागते. पहिल्याच फेरीत नको.

खोरं रिफ्टच्या कोणत्या टप्प्यावर थांबलं यावरही बरंच ठरतं, पण तुमच्या १.५ ला ते फारसं लागू नाही, म्हणून थोडक्यात. ताण तीन-पाच पटींवर गेला की सगळं कवच ठिसूळ होतं, फॉल्ट थेट मॅन्टलपर्यंत जातात आणि पाणी तिथल्या पेरिडोटाइट खडकाला सर्पेंटिनाइट नावाचा दुसरा खडक बनवतं. स्पेनच्या गॅलिशियासमोरच्या समुद्रतळाशी तो खडक वेधनातून बाहेर काढलेला आहे. पिरेनीजमधला त्रिमूनचा प्रचंड टाल्कचा साठाही अशाच काळातला: सुमारे ११२ ते ९७ दशलक्ष वर्षांपूर्वी, क्रिटेशियसमधल्या ताणाच्या वेळी, गरम पाण्याने डोलोमाइट आणि शिस्ट हे खडक खाऊन तो तयार केला.

शेवटची गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नव्हती पण मी पहिल्यांदा विचारली असती: विहीर मोठ्या फॉल्टच्या तुलनेत कुठे आहे? लोक सर्वात मोठ्या फॉल्टच्या मध्यावर गरम पाणी शोधतात, कारण तिथे सरक सर्वाधिक असते. पण तिथे फॉल्टचा गाभा चिकणमातीसारख्या भुग्याने भरलेला असतो आणि तो पाणी अडवतो. अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमधली बहुतेक भूऔष्णिक क्षेत्रं फॉल्टच्या टोकांना, दोन फॉल्ट एकमेकांना ओलांडून उडी घेतात तिथे, किंवा ते छेदतात तिथे सापडतात. अशा जागी ताण एकवटतो, बारीक भेगा सतत ताज्या होत राहतात आणि दार पुन्हा पुन्हा उघडतं. तुमची विहीर अशा एखाद्या सांध्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल, तर माझे पैसे मित्रावर. फॉल्टपासून दूर, खोऱ्याच्या सपाट मध्यात असेल, तर मीही आधी झिजलेल्या थरांचा आणि शेलच्या पांघरुणाचा हिशेब पुन्हा करीन.

नमुने थोडेच उरले असतील तर क्रम असा ठेवा: आधी व्हिट्रिनाइटचा अख्खा आलेख, कारण तो स्वस्त आहे आणि एकट्याने निकाल देऊ शकतो. मग शेजारच्या विहिरी. समावेशांसाठी दोन किलोमीटरवरच्या वाळूखडकाचा मूठभर तुकडा आजच बाजूला काढून ठेवा आणि तो कोणालाही व्हिट्रिनाइटसाठी दळू देऊ नका. माझ्या एका प्रकल्पात नेमकी तीच चूक झाली आणि उरला होता फक्त भुगा.